लातूरची चांदी

मार्तंडराव देवणीकर लातूरच्या एका कॉलेजात पंचवीसेक वर्षं ‘मागणी आणि पुरवठा’ शिकवत होते. फळ्यावर दोन वाकड्या रेघा काढायच्या, त्या एकमेकींना छेदतात तिथं ठळक टिंब द्यायचं, ‘हा भाव’ असं म्हणायचं आणि हात झटकायचे. खडूची पूड सोडली तर बाजाराचा त्यांच्या अंगाला फारसा स्पर्श झालेला नव्हता. प्रत्यक्ष बाजार त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई करायच्या. त्यांना रेघा येत नसत, त्यामुळे त्या कधी फसल्या नव्हत्या.

ब्याऐंशीच्या आषाढात एका संध्याकाळी बाईंनी पंचांग त्यांच्यापुढं ठेवलं.

“अधिक अश्विन येतोय. धोंड्याच्या जेवणाला नांदेडहून सगळे येणार. विशाखा, जावई आणि व्याही.”

‘व्याही’ हा शब्द ऐकताच मार्तंडरावांच्या चहात माशी पडल्यासारखं झालं.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. विशाखाचं लग्न ऐंशीच्या माघात झालं. नेमक्या त्याच सुमाराला अमेरिकेतल्या दोघा भावांनी जगातली सगळी चांदी आपल्याच घरात आणायचा घाट घातला होता. भाव असा चढला की सराफांना स्वतःचीच चांदी विकायची भीती वाटू लागली. मार्तंडरावांनी मग रुखवतासाठी चांदीचं नुसतं पाणी दिलेलं एक ताट आणलं. दिसायला ते चांदीपेक्षाही चकचकीत होतं. इथंच शंका यायला हवी होती.

व्याही बापूसाहेब कंधारकर मुदखेड जंक्शनवरून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. गाडी फलाटावर लागली की हातोडी घेतलेला माणूस चाकं ठोकत जातो आणि आवाजावरून तडा ओळखतो. ते ऐकण्यात बापूसाहेबांची हयात गेली. परिणामी हाताला येईल त्या वस्तूला टिचकी मारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. कलिंगड, भिंत, माठ, नातवंडाचं टाळकं, कुणाचीच सुटका नव्हती. रुखवतातल्या ताटालाही त्यांनी टिचकी मारली.

ताट म्हणालं, “ठप्प.”

बापूसाहेबांनी दीडशे माणसांसमोर भुवया उंचावल्या. “हां! ही लातूरची चांदी वाटतं?”

झालं. तेव्हापासून कंधारकरांच्या गोतावळ्यात ‘लातूरची चांदी’ हा शब्द रूढ झाला. चहा पातळ झाला, लातूरची चांदी. कुणाच्या मुलाला रडतखडत पास क्लास मिळाला, लातूरची चांदी. विशाखा माहेरी आली की हे सगळं हसत हसत सांगायची आणि सांगता सांगता तिचं हसू मधेच थांबायचं. ते मात्र मार्तंडरावांना फार लागायचं.

“यंदा खरं ताट द्यायचं,” सौदामिनीबाई म्हणाल्या. “अनारशांचं वाण त्याच ताटात. चांदी उतरलीय म्हणतात. उद्याच जा.”

“उद्या?” मार्तंडराव हसले. वर्गात एखाद्या पोरानं भलतंच उत्तर दिलं की हसायचे, तसे. “चांदी अजून पडणार आहे. थांबायचं.”

एवढ्यावर ते थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण शिकवायची सवय वाईट. संध्याकाळी ओट्यावर शेजारचे नरसिंगराव येऊन बसले. नरसिंगराव म्हणजे रिटायर तलाठी, आता गल्लीचे बिनपगारी कारभारी. त्यांच्या मागोमाग आणखी चारजण आले आणि मार्तंडरावांना वर्ग मिळाला.

“जगात चांदीच्या मोठ्या खाणी दोन,” ते म्हणाले. “एक मेक्सिको. दुसरी आपल्या बायकांचे पाय. औंदा पाऊस नाही. खेड्यापाड्यातून वाळे, तोडे, कमरपट्टे मोडीला येणार. पुरवठा वाढला की भाव पडलाच. श्रावण नको, भाद्रपद नको, अधिक लागायच्या तोंडावर घ्या.”

“ह्ये बेस सांगितलं सर,” नरसिंगराव म्हणाले. “माझ्याबी जावयाला करंडा द्यायचाय. थांबून राहिलो मग.”

गल्लीतल्या प्रत्येकाला एकतरी जावई होताच. सगळे थांबले.

खाणीचा पहिला प्रत्यय मार्तंडरावांना दुसऱ्याच दिवशी आला. दूध घालणाऱ्या कोंडाबाईच्या पायात ठसठशीत वाळे होते. मार्तंडरावांनी चष्मा सरसावून त्यांच्याकडं पाहिलं.

“काय कोंडाबाई, यंदा चांदी मोडणार की नाही?”

“मोडायला काय झालं सर, पर त्ये निघाया पायजेत की!” कोंडाबाई दूध मापता मापता म्हणाली. “सासूनं घातले तवा माजा पाय येवढुसा हुता. आता पाय वाढला आन् वाळं हाय तेवढंच. साबण लावला, त्याल लावलं. सोनाराकडं नेऊन कापून घ्यावं तर त्यो म्हनतो पाय धरून बस, हालू नगंस. न्हाई बाई. म्हस इकीन, वाळं न्हाई इकणार.”

अर्थशास्त्रात याला अलवचिक पुरवठा म्हणतात. मार्तंडरावांनी हा शब्द वर्गात शेकडो वेळा उच्चारला होता, पण तो असा दुधाची चरवी घेऊन दारात उभा राहील असं त्यांना वाटलं नव्हतं. एका उदाहरणावरून सिद्धान्त बदलत नसतो, असं मनाशी म्हणून ते आंघोळीला गेले. आंघोळ तांब्याभरच होती. नळाला पाणी येऊन तिसरा दिवस होता.

ऑगस्टात उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला. फटाके वाजले, गंजगोलाईत पेढे वाटले गेले आणि साहेब यायला सुरुवात झाली. त्या साली पाऊस पडला नाही, पण साहेब पडले. शेतीचे साहेब, दवाखान्यांचे साहेब, कोंबड्यांचे साहेब. ज्या खात्याचं नावही तालुक्यानं ऐकलं नव्हतं, त्याचा जिल्हा अधिकारी रोज एक या हिशेबानं एष्टीतून उतरायचा आणि उतरला की त्याचा सत्कार व्हायचा. नरसिंगरावांनी ‘नागरी सत्कार समिती’ काढली आणि सचिवपद स्वतःकडं घेतलं. इतरांनीही समित्या काढल्या. प्रत्येक साहेबाला चांदीचं काहीतरी हवंच. शिवाय प्रत्येक सत्काराचे ढीगभर फोटो. फोटोच्या फिल्मवरही चांदीच लागते, हे मार्तंडरावांना ठाऊक होतं. त्यामुळे फोटोग्राफरचा दिवा चमकला की ते दचकत. त्यांना वाटे, गेली अजून थोडी.

तिकडं जगानंही त्यांना साथ द्यायचं नाकारलं. रेडिओवर सराफ्याचे भाव लागत. चांदी रोज थोडी थोडी वर.

“चढतच चाललीय म्हणतात,” सौदामिनीबाई म्हणाल्या.

“तात्पुरती.”

“जेवणही तात्पुरतंच असतं. म्हणून काय कुणी जेवायचं थांबतं?”



अधिक लागायच्या तोंडावर, ठरल्याप्रमाणे, मार्तंडराव गंजगोलाईत गुरुपादप्पा सराफांच्या पेढीवर गेले. बघतात तर अख्खी गल्ली तिथं उभी. नरसिंगराव सर्वांत पुढं.

“इल्ला!” गुरुपादप्पा दोन्ही हात हलवून म्हणाले. ते मूळचे निलंग्याकडचे. वैताग आला की कानडीत शिरत. “चांदी इल्ला! न्हाई! अहो, दोन म्हैने इथं माशी मारत बसलो हुतो. कुत्रं फिरकलं न्हाई. ज्याला इचारावं तो म्हनतो, देवणीकर सर म्हनले थांबा. आन् आज समदे एकदम! हुती नव्हती ती साहेब लोकांच्या पेल्यांत गेली.”

सगळ्यांनी वळून मार्तंडरावांकडं पाहिलं. त्या नजरांत द्वेष नव्हता. फक्त प्रत्येकाच्या मागं एकेक जावई उभा होता. सिद्धान्त तंतोतंत बरोबर होता. त्यात फक्त मार्तंडराव स्वतः धरलेले नव्हते.

“मोड आना, सर,” गुरुपादप्पा आवाज खाली घेऊन म्हणाले. “घरची मोड दिली तर ताट करून देतो. तुमी मास्तरमानूस.”

मग देवणीकरांच्या घरात खाणकाम सुरू झालं. सौदामिनीबाईंनी अत्तरदाणी काढली, करंडा काढला, विशाखाचा लहानपणचा खुळखुळा काढला, शेवटी स्वतःचे पैंजण काढले. तरी थोडं कमीच भरत होतं. तेव्हा मार्तंडराव उठले आणि भिंतीवरच्या चौकटीतून आपलं रौप्यपदक घेऊन आले. हैदराबादच्या कुठल्याशा मंडळानं वक्तृत्वाबद्दल दिलेलं ते पदक घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं एकदा तरी पाहिलेलं होतं.

“असू दे हो,” बाई म्हणाल्या. 

“विशाखासाठी,” मार्तंडराव म्हणाले. हे वाक्यही त्यांनी पहिलं बक्षीस मिळेल अशा बेतानं उच्चारलं.

गुरुपादप्पांनी पदक कसोटीवर घासलं. पुन्हा घासलं. मग मोठ्या अदबीनं ते मार्तंडरावांच्या हातात परत दिलं.

“हे राहू द्या सर. आठवण असती मानसाची.”

“म्हणजे?”

“पितळ हाय.”

पेढीवरून घरापर्यंत मार्तंडराव सायकल हातात धरून चालत आले. पदक जड होतं म्हणून नव्हे.

खुळखुळा, पैंजण, करंडा आणि अत्तरदाणी यांचं मिळून ताट झालं. जरा उथळ, पण खणखणीत. कडेवर मार्तंडरावांनी अक्षरं कोरून घेतली: ‘चि. जावईबापूंस सप्रेम भेट. सासू-सासरे.’ ताट तयार झाल्याचा निरोप आला त्याच दिवशी दुपारी एका नव्या साहेबांचा सत्कार होता आणि भाषण मार्तंडरावांचं होतं.

“सर, तुमी जायलाच लागलात तर समितीचंबी ताट आना,” नरसिंगराव म्हणाले. “त्यालाबी तिथंच नाव घालायला दिलतं.”

गुरुपादप्पांनी दोन्ही ताटं एकसारख्याच गुलाबी कागदात वेगवेगळी बांधून दिली होती. घरी आल्यावर मार्तंडरावांना प्रश्न पडला, यातलं कुठलं कुणाचं? कागद फाडून बघणं त्यांना कमीपणाचं वाटलं. शिकलेल्या माणसानं विचार करावा. त्यांनी दोन्ही पुडकी हातांवर तोलली. एक जड, एक हलकं. आपलं ताट काटकसरीचं, समितीचं ताट लोकांच्या वर्गणीचं. दुसऱ्याच्या खर्चानं घेतलेली वस्तू नेहमी जड असते. जड पुडकं काखेत मारून ते सत्काराला गेले.

तर्क निर्दोष होता. समितीला चांदी मिळालीच नव्हती आणि नरसिंगरावांनी जर्मन सिल्व्हरचं ताट घेऊन ती गोष्ट पोटात ठेवली होती, एवढाच तपशील त्यात नव्हता.

भाषण उत्तम झालं. मार्तंडरावांनी स्वतःच्या हातांनी ताट अर्पण केलं. साहेब तरुण होते, सडसडीत, अविवाहित आणि भलतेच नियमाचे. त्यांनी तिथंच कागद सोडला, कडेवरची अक्षरं पाहिली आणि माइकसमोर शांतपणे वाचली.

“चिरंजीव जावईबापूंस सप्रेम भेट. सासू-सासरे.”

 मग मागून कुणीतरी ओरडलं, “सरकारी जावईच की!” आणि मंडप फुटला. लोक हसता हसता खुर्च्यांवरून घसरले. फोटोग्राफरनं घाईघाईनं आणखी थोडी चांदी खर्च केली.

“सर!” नरसिंगराव मार्तंडरावांच्या कानाशी कुजबुजले. “तुमाला तर येकच पोरगी. ती दिली न्हवं?”

साहेब हसले नाहीत. “माझा गैरसमज नाही,” ते म्हणाले. “पण शासकीय अधिकाऱ्याला मौल्यवान भेट घेता येत नाही. हे ताट जिल्हा कोषागारात जमा होईल.” आणि झालंही. एवढी तत्परता नव्या जिल्ह्यानं नंतर कुठल्याच कामात दाखवली नाही.

घरी आल्यावर दुसरं पुडकं उघडलं. आत चकचकीत ताट. कडेवर लिहिलेलं: ‘मा. साहेबांस सादर. नागरी सत्कार समिती, लातूर जिल्हा.’ साहेब भराभर येत असल्यामुळे नरसिंगरावांनी नाव मुद्दामच घातलं नव्हतं. कुणालाही चाललं असतं. मार्तंडरावांनी हळूच टिचकी मारली.

“ठप्प.”

 सौदामिनीबाईंनी फक्त आपल्या मोकळ्या पावलांकडं पाहिलं. ते मार्तंडरावांना सगळ्या मंडपाच्या हसण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी ते कोषागारात पोचले. भाड्याची इमारत, दारात बंदूकवाला शिपाई आणि खिडकीत त्यांचीच विद्यार्थिनी पंचशीला. ती चटकन उठून उभी राहिली.

“या सर! बसा. चहा सांगू?”

“पंचशीला, ते ताट माझं आहे गं.”

“माहीत आहे ना सर. गावभर माहीत आहे. पण आता ते शासनजमा झालं. परत द्यायचं तर आदेश लागतो. आदेशाला शिक्का लागतो. शिक्का अजून उस्मानाबादलाच आहे.”

“मग मागवा.”

“मागवलाय सर. पण मागणीपत्रावरही शिक्का लागतो.”

“अगं, माझ्या घरी अधिकाचं वाण आहे! मागणी समज ना माझी.”

पंचशीला फार ओशाळली. “सर, तुम्हीच शिकवलंत. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे.”

मार्तंडरावांनी चहा प्यायला. चांगला झाला होता.

धोंड्याच्या जेवणाचा दिवस उजाडला. अनारशांचे तांदूळ भिजवायला सौदामिनीबाईंनी टँकरच्या पाण्याची एक कळशी राखून ठेवली होती. ताटं धुवायला पाणी नाही या सबबीवर सगळ्यांना पत्रावळी मांडल्या. सबब खरीच होती, हे त्यातलं समाधान. नांदेडची मंडळी आली. बापूसाहेब पाटावर बसले. नरसिंगरावही जेवायला होते. ते रोजच्या सत्कारांच्या गोष्टी रंगवून सांगत होते. 

“हार घालतात का हो रोज?” बापूसाहेबांनी विचारलं.

“हार, शाल, नारळ. फोटो तर इचारू नका.”

“आमच्या निरोपाच्या दिवशी मालगाडीचे डबे घसरले,” बापूसाहेब धोंड्याचा तुकडा मोडत म्हणाले. “सगळे तिकडं पळाले. हार टेबलावरच राहिला. संध्याकाळी शेळीनं खाल्ला.” मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि अनारशांच्या पत्रावळीकडं बोट केलं. “काय मास्तर, चांदीचं ताट देणार होता म्हणे? की आहे आपली लातूरची...”

विशाखानं मान खाली घातली. ते मार्तंडरावांना दिसलं आणि त्यांच्यातला वक्ता जागा झाला.

“ताट आहे. जिल्हा कोषागारात ठेवलंय. बंदूकवाल्याच्या पहाऱ्यात.”

बापूसाहेबांचा घास हातातच राहिला. “कोषागारात?”

“घरात ठेवण्यासारखं नाही ते.”

जेवण होताच बापूसाहेब खात्री करायला निघाले. पंचशीलानं खिडकीतून नमस्कार केला.

“हो काका, देवणीकर सरांचं ताट इथंच आहे. सरकारनं सराफ बोलावून तपासून घेतलं. चांदी शुद्ध आहे, तशी नोंद झालीय.”

“मला नुसती एक टिचकी मारू द्या.”

“टिचकीची तरतूद नाही काका.”

बापूसाहेब तसेच परत फिरले. सरकारनं पहारा दिलेल्या वस्तूला हसायचं कसं, हे त्यांना रेल्वेनं शिकवलेलं नव्हतं.

आता त्या सालची आणखी एक मौज. पंचांगकर्त्यांनी त्या वर्षी एक महिना गाळला आणि भरपाईला आणखी एक अधिक दिला. अश्विन झाला, आता फाल्गुनही अधिक. माणसाच्या अख्ख्या आयुष्यात क्वचित घडतं असं. महिन्यांच्या पुरवठ्यात असा गोंधळ झाल्यावर चांदीनं काय करावं? तिनं जगभर उसळी मारली. आणि त्याच महिन्यात उस्मानाबादहून शिक्का आला. पंचशीला स्वतः ताट घेऊन घरी आली. वर लाखेची मोहोर, सोबत शुद्धतेचा सरकारी दाखला. गल्ली मार्तंडरावांकडं पुन्हा आदरानं पाहू लागली. “सरांनी चांदी ऐन भावात मोकळी केली,” नरसिंगराव सांगत सुटले.

नांदेडची मंडळी पुन्हा जेवायला आली. मार्तंडरावांनी ताट बापूसाहेबांपुढं ठेवलं, मोहोर फोडली आणि म्हणाले, “मारा.”

बापूसाहेबांनी बोट वळवलं. टिचकी.

“टण्ण...” आवाज असा लांबला की टँकर आला समजून नरसिंगराव हंडा घेऊन बाहेर पळाले. विशाखा मोठ्यांदा हसली. या वेळी तिचं हसू मधे थांबलं नाही.

“मान्य,” बापूसाहेब म्हणाले. “चांदी आहे.” मार्तंडराव छाती भरून श्वास घेणार, तोच ते पुढं म्हणाले, “पण हे झालं अश्विनाचं. फाल्गुनाचं कुठंय?”

मार्तंडरावांचा श्वास वरच राहिला. बाजारात चांदीला हात लावायची सोय नव्हती आणि घरात आता खाण उरलेली नव्हती. सौदामिनीबाई मात्र शांतपणे आत गेल्या आणि अनारशांनी भरलेलं दुसरं ताट घेऊन आल्या. नरसिंगरावांनी कधीच परत न मागितलेलं समितीचं ते ताट मार्तंडरावांनी ओळखलं आणि डोळे मिटले.

बापूसाहेबांनी अनारसे बाजूला सारले. कडेवरची अक्षरं त्यांनी बोटानं पुसत पुसत वाचली. “मा. साहेबांस सादर. नागरी सत्कार समिती, लातूर जिल्हा.” पुन्हा एकदा वाचली. 

“साहेबांस म्हणजे... मला?”

मार्तंडरावांनी तोंड उघडलं. सौदामिनीबाईंनी त्यात अनारसा घातला.

“तर काय हो!” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं नोकरी केलीत. मुदखेडला कुणी दखल घेतली नाही, म्हणून काय आमच्या जिल्ह्यानंही घेऊ नये? आणि या नरसिंगरावांना विचारा, ते सचिव आहेत.”

रिकामा हंडा घेऊन दारात आलेल्या नरसिंगरावांनी सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. तलाठी म्हणून काढलेलं आयुष्य वाया गेलेलं नव्हतं. “ठराव झाला हुता साहेब,” ते म्हणाले. “येकमतानं.”

बापूसाहेबांचं बोट सवयीनं वर उचललं गेलं. ताटाच्या कडेवर ते थोडा वेळ तसंच थांबलं. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्या बोटानं ताटाला लागलेलं तूप हळुवार पुसून काढलं.

त्यांना पोचवायला मार्तंडराव स्टँडवर गेले. जावयानं खरं ताट पिशवीत घातलं होतं आणि पिशवी सीटखाली सरकवली होती. बापूसाहेब खिडकीशी बसले होते. दुसरं ताट त्यांच्या मांडीवर, अक्षरं लोकांना दिसतील अशा बाजूनं. शेजारच्या उतारूनं वाकून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. गाडी हलली, तरी बापूसाहेबांचं उत्तर मार्तंडरावांना स्पष्ट ऐकू आलं.

“हात नका लावू. लातूरची चांदी आहे.”